साळुंखे हवालदारांची एंटरबंदी

आमच्या साखर कारखान्यात माऊस हवा असेल तर सही करून घ्यावा लागायचा. आणि वेळेत परत करावा लागायचा.

ही पद्धत साळुंखेंची. साळुंखे फौजेत सिग्नलला, म्हणजे संदेश विभागात होते, हवालदार होऊन निवृत्त झाले आणि इस्लामपूरच्या बाजूला असलेल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख झाले. प्रमुख म्हणजे विभागात ते एकटेच. फौजेत बंदुका ठेवायच्या खोलीला 'कोत' म्हणतात. बंदूक तिथून सहीनिशी मिळते आणि तिथेच जमा करावी लागते. साळुंखेंनी आल्या आल्या कारखान्यातले सगळे माऊस गोळा केले, हिरव्या लोखंडी कपाटात शेपट्या गुंडाळून ओळीनं लावले, कपाटावर खडूनं 'कोत' असं लिहिलं आणि चावी जानव्यासारखी गळ्यात अडकवली.

वहीत चार रकाने होते. नाव, कशासाठी, नेला कधी, आणला कधी. 'कशासाठी' या रकान्यात मी एकदा नुसतं 'काम' लिहिलं, तर वही माझ्या अंगावर परत आली. "वाईकर, काम तर गाढवालाबी आसतं. काय काम ते लिवा." (मी मूळचा वाईचा. शेती विभागात कारकून आहे आणि माझं टेबल त्यांच्या दाराला लागून आहे, म्हणून हे सगळं मला बघावं लागलं.) कार्यकारी संचालक, म्हणजे आमचे एमडीसाहेब, यांनी एकदा तोच रकाना 'मी एमडी आहे' असं लिहून भरला. साळुंखेंनी त्याखाली लाल शाईनं शेरा मारला, 'हे कारण नव्हे.' त्या दिवशी एमडीसाहेबांनी कीबोर्डवर काम केलं. मुकाट्यानं केलं, असं त्यांचा शिपाई सांगतो.

माऊसशी त्यांचं असं काय वाकडं होतं? मी हे एकदाच विचारलं. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवायला लावले आणि म्हणाले, "आता खिडकीतनं त्या ट्रकचा नंबर बघा अन् लिवा." मी लिहिला. "आता माऊस घ्या अन् पुढच्या चौकटीत जावा." मी माऊस धरला, बाण कुठे गेला ते शोधलं, चौकट शोधली, टिचकी मारली. वर बघतो तर ट्रक निघून गेलेला.

"बघा! हात उचलला की डोळा उचलला, अन् डोळा उचलला की गाडी गेली. बटण आपल्या जाग्यावर ऱ्हातं. बोटाला ते पाठ हुतं. बाण काय पाठ करणार? त्यो रोज नव्या जागी पळतोय."

आता हे पटण्यासारखं होतं. पण साळुंखे पटण्यापाशी थांबणारे नव्हते. मुलानं त्यांना काचेचा मोबाईल आणून दिला, तो त्यांनी तसाच परत केला. "काचंवर बोट घासायला मी काय आरसा पुसणारा हाय?" त्यांच्याकडे जुना बटणांचा फोन होता आणि त्यावर ते खिशातल्या खिशात, न बघता निरोप लिहीत. एकदा एक पाहुणे भाषण करत होते. साळुंखे माझ्या शेजारी हात खिशात घालून, डोळे व्यासपीठाकडे लावून भक्तिभावानं ऐकत बसले होते. माझा फोन थरथरला. निरोप होता, 'अजून अर्धा तास. कागद मोजले मी.'

आणि माणूस हट्टी किती? एकदा सातारा स्टँडवरून इकडे यायला निघाले आणि भलत्याच एसटीत चढले. घाट लागला, वळणं लागली, तरी उतरले नाहीत. थेट कोयनानगरला पोचले. दुसऱ्या दिवशी कामावर आले ते चिडून. मी म्हटलं, "साळुंखे, चुकलात की." तर म्हणाले, "मी न्हाई चुकलो. गाडी चुकली." हे ते विनोदानं म्हणत नव्हते. 'चुकलं' हा शब्द त्यांना स्वतःसाठी वापरता येतच नव्हता. मी त्यांच्या शेजारी एकोणीस वर्षं काढली, एकदाही ऐकला नव्हता.

त्यांच्या हट्टाचं मुख्य ठाणं म्हणजे ऊसकाटा. काट्यावर ट्रॉली येते, खिडकीआडचा माणूस गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचा नंबर घालतो, वजन आपोआप येतं, ते पक्कं करायचं, पावती द्यायची आणि गाडी गव्हाणीकडे, म्हणजे ऊस ओततात त्या पट्ट्याकडे सोडायची. एवढंच काम. पण हंगामात रांग फाटकाबाहेर जाते, बैलं उभी राहून दमतात, उन्हात ऊस वाळतो, आणि एकेका गाडीमागचे दहा-दहा सेकंद जमून तासाचा खोळंबा होतो. ही प्रणाली साळुंखेंनी स्वतः लिहिली होती. हातात फौजेतलं घड्याळ घेऊन ते काट्यावरच्या माणसामागे उभे राहत आणि एका गाडीला किती बटणं दाबावी लागतात ते मोजत. एक बटण कमी झालं की सातारचे कंदी पेढे. लोक नातू झाल्यावर पेढे वाटतात. आमच्याकडे एक दाबणी वाचल्यावर.

हे सगळं ठीक होतं. मग सात वर्षांपूर्वी, हंगामाच्या तोंडावर त्यांनी एंटर बंद केला.

म्हणजे अक्षरशः बंद. काट्यावर एंटर दाबला तर काहीच व्हायचं नाही. पुढे जायला टॅब. आकडे लिहायला उजवीकडचा आकड्यांचा पट्टा होता, तोही बंद. त्याऐवजी आकडे डावीकडच्या अक्षरांवर आणले. क्यू, डब्ल्यू, ई म्हणजे सात, आठ, नऊ. खालची ओळ चार, पाच, सहा. तिच्या खालची एक, दोन, तीन. स्पेस म्हणजे शून्य. आणि वजन पक्कं करायचं एफ-वन दाबून. साऱ्या जगात एफ-वन दाबल्यावर मदत मिळते.

तिन्ही पाळ्यांच्या माणसांनी बोंब मारली. माझ्याकडे तक्रारी आल्या. मी साळुंखेंना म्हटलं, "अहो, आकडे आकड्यांवर राहू द्या की." ते म्हणाले, "वाईकर, तुमी शेती सांभाळा." "पण कारण काय?" "कारण माझ्याकडं हाय." विषय संपला. महिनाभरात लोकांची बोटं सरावली. उजवा हात मोकळा राहतो, त्यात चहाचा कप धरता येतो, असा शोध एकाला लागला आणि तक्रारी बंद झाल्या. आम्ही म्हणालो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, पण गाडी पळतेय ना, पळू द्या.

त्याच हंगामात सुनंदाबाई सकाळच्या पाळीला काट्यावर बसायला लागल्या. या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून बघितल्या नाहीत. माझी अक्कल तेवढीच.

सुनंदाबाई आधी आमच्या टपाल विभागात होत्या. घरी वैरण करताना कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं अर्धं बोट राहिलं. चार महिन्यांनी कामावर आल्या त्या हात पदराखाली घेऊन. सगळं ऑफिस भोवती जमलं. कोणी 'बिचारी' म्हणालं, कोणी उसासा टाकला. बाईंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "काम द्या. बिचारी म्हनू नगा." तेव्हा साळुंखे दारातूनच ओरडले होते, "ह्या बाई मला काट्यावर पायजेत! गाडीनंबर एकदा कानावर पडला की इसरत न्हाईत. टपालात वाया चालल्यात." मला वाटलं, त्यांच्या शिव्या ऐकायला दुसरं कोणी तयार नसेल.

बाई काट्यावर बसल्या आणि कारखान्यातली सगळ्यात वेगवान पाळी सकाळची झाली. ट्रॉलीवाले मुद्दाम पहाटे निघून सकाळची पाळी गाठायला लागले. "ताईच्या काट्यावर ब्रेक लावायच्या आत पावती मिळती," असं म्हणत.

आणि गेल्या हंगामात नवीन प्रणाली आली.

पुण्याच्या एका कंपनीची. देखणी होती, खोटं कशाला बोलू. पडद्यावर ट्रकचं चित्र, उसाचं चित्र, हिरवी-निळी बटणं. आणि सगळं माऊसवर. साळुंखेंचा कोत एका दुपारी रिकामा झाला. कंपनीतर्फे केतकी मॅडम आल्या होत्या. पस्तिशीच्या, हुशार, बोलायला गोड. साळुंखेंनी पहिल्या दिवशी त्यांच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहून सगळं बघितलं. वजन पक्कं करायच्या वेळी पडद्यावर चौकट आली, 'तुम्हाला खात्री आहे का?'

"आरारारा!" साळुंखे म्हणाले. "पंधरा टन ऊस काट्यावर हुबा हाय, बैलं लाळ गाळाय लागल्यात, अन् हे इचारतंय, खात्री हाय का! मॅडम, न्हाई म्हनलं तर काय, ट्रॉली घरी पाठवता का?"

आठवड्यात रांग फाट्यापर्यंत गेली. माऊसमध्ये उसाचं पाचट आणि रसाची चिकट धूळ जाऊन बसली, बाण अडखळायला लागला. सगळ्याच पाळ्या मागे पडल्या, पण सगळ्यात जास्त मागे पडली सकाळची. बाईंना डाव्या हातानं माऊस हलवायचा, तो सोडून त्याच हातानं आकडे दाबायचे, पुन्हा माऊस शोधायचा. खिडकीबाहेर ट्रॉलीवाले हॉर्न मारत होते. ज्या लोकांनी 'ताईचा काटा' गाठायला झोप मोडली होती, तेच आता ओरडत होते, "बाई बदला गड्या!"

एमडीसाहेबांनी आपल्या केबिनमध्ये बैठक बोलावली. सकाळी अकराची. मी, साळुंखे, केतकी मॅडम, आणि सुनंदाबाईंनाही बोलावलं. त्या बसल्या नाहीत, दाराशी उभ्या राहिल्या, हात पदराखाली.

एमडीसाहेब माणूस वाईट नाही. ते म्हणाले, "प्रणाली नवीन आहे, सवय होईल. पण तोवर सकाळी दुसरा माणूस बसवू. बाईंना पुन्हा टपालात घेऊ. तिथे त्रास नाही."

बाईंची मान ज्या प्रकारे ताठ झाली, त्यावरून मला कळलं की टपालात त्या एक दिवसही टिकणार नाहीत. घरी बसतील, पण तिथे नाही.

"माणूस बदलायचा न्हाई," साळुंखे म्हणाले. "प्रणाली बदला. काट्यावर माझी परत लावा."

"साळुंखे, तुमची प्रणाली आता जुनी झाली."

"मीबी जुना झालो. मला लावता न्हवं रोज कामाला?"

केतकी मॅडमनी पुढे सरकून एक कागद काढला. "सर, मी यांची प्रणाली नीट पाहिली. वेगवान आहे, ते मी मान्य करते. पण ही रचना मला समजलीच नाही." त्या वाचायला लागल्या. "आकडे डाव्या अक्षरांवर. एंटर बंद. आकड्यांचा पट्टा बंद. पक्कं करायचं एफ-वननं. खोडायचं आर दाबून. उजव्या बाजूचं एकही बटण नाही. अख्खं काम कीबोर्डच्या डाव्या अर्ध्यात. कोणतीही प्रणाली अशी नसते. असं का केलंय?"

आणि मला दिसलं. सहा वर्षं समोर होतं ते मला त्या एका यादीत दिसलं, आणि कानशिलं तापली. मी बाईंकडे बघितलं नाही. कोणाकडेच बघितलं नाही.

एमडीसाहेब म्हणाले, "हं, साळुंखे. का?"

एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर बैठक तिथेच संपली असती, प्रणाली परत लागली असती. आणि बाई काट्यावर राहिल्या असत्या, पण मेहेरबानीवर. उद्यापासून खिडकीबाहेरच्या प्रत्येक ट्रॉलीवाल्याला ते माहीत झालं असतं. साळुंखेंना खोटं बोलायचा सराव नव्हता. ते पंख्याकडे बघत राहिले.

"चुकलं, साहेब," ते म्हणाले.

"काय?"

"चुकलं माझं. तवा मला धड येत न्हवतं. बटणं उलटी बसली. मग लोकांना सवय झाली, म्हणून तशीच ठिवली."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कोयनानगरला पोचूनही जो माणूस चुकला नव्हता, तो पुण्याच्या मॅडमसमोर, एमडीसमोर, हातात टोपी घेतल्यासारखा उभा होता. मला रडू आलं. मी नाक शिंकरून वेळ मारून नेली.

"मग झालं तर," एमडीसाहेब म्हणाले. "तुम्हीच मान्य करताय."

"चूक मान्य हाय. हार न्हाई." साळुंखेंचा आवाज परत आला, आणि पूर्वीपेक्षा मोठा आला. "काटे दोन हायत. एकावर मॅडमची प्रणाली लावा, तुमचा सगळ्यात तरबेज गडी बसवा. दुसऱ्यावर माझी चूक लावा अन् सुनंदाबाईंना बसवा. तासभर. मागं पडलो तर मी उद्या राजीनामा देतो, अन् कोताची चावी तुमच्या गळ्यात घालतो."

एमडीसाहेबांना चावीचा मोह पडला असावा. ते हो म्हणाले.

साडेबाराला सुरुवात झाली. बातमी गाड्यांच्या अड्ड्यावर पोचली होती, ट्रॉलीवाले टपांवर चढून बसले होते. मॅडम प्रामाणिक होत्या. आपल्या काट्यावर न थांबता त्या सुनंदाबाईंच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. बाईंचे डोळे खिडकीबाहेर आणि डावा हात कीबोर्डवर. पडद्याकडे त्या बघतच नव्हत्या. ट्रॉली काट्यावर थांबेपर्यंत नंबर लिहून झालेला असे, आणि ड्रायव्हर खिडकीशी येईपर्यंत पावती बाहेर. मॅडम पाच मिनिटं बघत होत्या, दहा मिनिटं बघत होत्या. मग त्यांची नजर एकदा पदराकडे गेली, तिथून कीबोर्डवर आली. त्यांनी हातातला यादीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

तास संपला तेव्हा मॅडमच्या काट्यावर दोन गाड्या होईपर्यंत इकडे तीन, असं प्रमाण पडलं होतं. टपांवरून शिट्ट्या आल्या. साळुंखे ओरडले, "बाई, तिसऱ्या ट्रकला पेंगलात!"

केतकी मॅडम एमडीसाहेबांना म्हणाल्या, "सर, आमची प्रणाली राहू द्या, पण काट्यावरची बटणं मी यांची बसवते. आहेत तशी." एमडीसाहेब म्हणाले, "अहो, पण ते चुकून झालंय, ते स्वतः म्हणाले." मॅडम म्हणाल्या, "हो. पण चूक चांगली आहे." त्या साळुंखेंकडे वळल्या. "आणि ती खात्रीची चौकट काढून टाकते." साळुंखे म्हणाले, "ती आदी काढा."

दुपारी गव्हाण अर्धा तास बंद होती. मी दोन कप चहा घेऊन काट्यावर गेलो. मला काहीतरी बोलायचं होतं आणि काय ते ठरत नव्हतं.

"सुनंदाबाई, साळुंखे आज केबिनमध्ये जे बोलले ना, ते चुकून वगैरे..."

"चुकून कुणी आकडं आसं लावतं व्हय, भाऊ?" त्या हसल्या. "मला पयल्या दिवशीच कळलं. पर तुमी त्यास्नी सांगू नगा. मला कळलं न्हाई, आसं त्यास्नी वाटतं. वाटू द्या."

"सहा वर्षांत कधी विषयसुद्धा निघाला नाही?"

"इषय कवा निघंल? रोज भांडणं हुत्यात. दोन सेकंद जास्त लागलं की आरडत्यात. आवं, दोन सेकंद! मला घरात कुणी आरडत न्हाई. घरात समदी म्हनत्यात, ऱ्हाऊ दे, तू नगं करू." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पयल्या दिवशी त्यांनी ह्यो हात बघितला. नीट, माप घेतल्यागत. त्यानंतर परत कवाच न्हाई, काम पडलंच न्हाई त्यास्नी. बाकीची समदी रोज न बघितल्यागत करत्यात."

मी त्या वेळी खिडकीबाहेरच्या एका रिकाम्या ट्रॉलीकडे बघत होतो. तिच्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.